गोवा कॅन्सल झाला, बरं झालं!

गुलमंडीवर उभं राहून, हातात गरम इमरती धरून आजवर किती गोवा ट्रिप ठरल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्यातल्या किती खरंच गेल्या, हे तर विचारूच नका! ग्रुपचं नाव 'गोवा फायनल'. पहिल्या दिवशी मेंबर ११, पुढच्या आठवड्यात ७, आणि पैसे जमा करायची वेळ आली की ४. आमचंही तेच झालं. उरलेल्या चौघांचं बजेट गोव्याला पुरेना, म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही रत्नागिरीला गेलो. "चल ना यार, समुद्र तर समुद्रच असतो," असं एकमेकांना समजावत.

तर समुद्र समुद्रच नसतो, हे पहिलं सांगायचंय.

आपण मराठवाड्यातली पोरं. पाणी म्हणजे आपल्यासाठी नळाला कधी येणार याची वाट बघायची गोष्ट. त्यामुळे समुद्र दिसला की आपण अक्षरशः वेडे होतो. आरे-वारेच्या वळणावर एकाच वेळी दोन्ही बाजूंचे किनारे दिसले, तेव्हा आम्ही बूट काढून पळतच सुटलो. खाली जाळं आवरत बसलेल्या एका काकांनी हाक मारून थांबवलं. "आत जाऊ नका, ओहोटी लागलीय." आमच्यातला एक हिरो म्हणाला, "काका, पोहता येतं आम्हाला." काकांनी वरही न बघता विचारलं, "कुठं शिकलात?" तो म्हणाला, "गावाकडं, विहिरीत." काका म्हणाले, "विहीर ओढत नाही."

बस, एवढंच बोलले. आम्ही गुडघाभर पाण्यातून परत आलो.

हे गमतीत सांगत नाहीये. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी गेले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे ८ जण. बहुतेक तुमच्या-माझ्या वयाचे, सगळे 'फक्त थोडं आत' गेलेले. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि तेवढंच जोरात उतरतं. म्हणजे काल संध्याकाळी पाच वाजता जिथं रील काढली, तिथं परवा पाच वाजता पाणी वेगळं असतं. किनाऱ्यावरच्या माणसाला हे कॅलेंडर न बघता कळतं. आपल्याला कळत नाही, आणि ते मान्य करण्यात कमीपणा काहीच नाही. त्यामुळे कोकणात उतरल्यावर हॉटेलच्या वाय-फायचा पासवर्ड विचारायच्या आधी भरतीची वेळ विचारा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा मुद्दा शहराचा. रत्नागिरी निवांत आहे. दुपारी जेवणाच्या वेळी बरीच दुकानं बंद होतात. आम्ही दीड वाजता बाजारात पोहोचलो आणि बंद शटर बघून चिडलो. 'बिझनेस करायचाच नाही यांना' हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकानं एकदा तरी म्हटलं. मग करायला काही नव्हतं, म्हणून थिबा पॅलेसला गेलो.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इथं आणून ठेवलं. हा राजवाडा त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधला, आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. तीसेक वर्षं एक राजा या गावात नुसता बसून होता. इंग्रजांना एखाद्याला सगळ्यांपासून लांब ठेवायचं असलं की रत्नागिरी आठवायची. सावरकरांनाही १९२४ पासून १९३७ पर्यंत इथंच स्थानबद्ध ठेवलं होतं. आणि त्याच काळात, १९३१ मध्ये, इथं सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. आम्ही ज्याला 'इथं काहीच होत नाही' म्हणत होतो, त्या गावात एवढं सगळं होऊन गेलंय. शटर उघडं असतं, तर आम्ही की-चेन घेऊन परतलो असतो.

तिसरी गोष्ट कातळशिल्पांची. रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी प्राणी, माणसं, मासे कोरून ठेवलेत. उक्षीला तर जमिनीवर मोठाच्या मोठा हत्ती आहे. २०२२ मध्ये कोकण-गोव्यातल्या अशा नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. पण मला आवडली ती ती शोधण्याची पद्धत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे साथीदार गावोगाव फिरले आणि लोकांना विचारत राहिले की सड्यावर काही चित्रं पाहिलीत का? गावकऱ्यांना त्यातली कित्येक ठाऊक होती. फक्त तोवर कुणी विचारलं नव्हतं.

आणि तो जांभा दगड काय आहे माहितीये? आपलाच काळा पाषाण. ज्या लाव्हाच्या थरांत वेरूळ-अजिंठा कोरलंय, तोच दगड कोकणच्या पावसात लाखो वर्षं झिजून, कुजून लाल झाला. म्हणजे आपण परक्या मुलखात नव्हतोच.

आता मुख्य गोष्ट. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या काकू शेवटच्या रात्री घावणे वाढता वाढता म्हणाल्या, "तुम्ही आमचं सगळं पाहिलंत. आता सांगा, आम्ही तुमच्याकडं आलो तर काय दाखवाल?" आम्ही चौघं एका सुरात म्हणालो, "वेरूळ, अजिंठा!" काकू म्हणाल्या, "ते शाळेच्या सहलीत झालं हो. तुम्ही राहता ते गाव कसं आहे, ते विचारतेय."

चौघंही गप्प. एकानं मान खाली घालून सोलकढी पिऊन टाकली.

मला राग आला तो स्वतःचा. कारण मी रोज पैठण गेटपासून गुलमंडीमार्गे सिटी चौकापर्यंत जातो, आणि त्या रस्त्याबद्दल मला पार्किंगचा वैताग सोडून काही सांगता येईना. 'गुलमंडी' म्हणजे फुलांची मंडी. सुपारी हनुमानाच्या समोरून मी हजार वेळा हॉर्न वाजवत गेलोय, त्याला सुपारी का म्हणतात हे कधी कुणाला विचारलं नाही. हिमरू आपल्या शहराचं कापड, पण माझ्या घरात एक तुकडा नाही.

आणि समुद्र? तो तर आपल्या गावाच्या मुळाशीच आहे. १६१० मध्ये ज्यानं खडकी नावानं हे शहर वसवलं, तो मलिक अंबर आफ्रिकेतून, हबसाणातून गुलाम म्हणून विकत विकत आलेला माणूस. समुद्र ओलांडून आलेल्या त्या माणसानं या कोरड्या गावात नहर आणली. डोंगरातलं पाणी जमिनीखालून, पंपाशिवाय, घराघराजवळ पोहोचवलं. आज कित्येक दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्याला हे ऐकून लाज वाटायला हवी. जंजिऱ्याचे सिद्दी, ज्यांचा किल्ला बघायला आपण बोटीची तिकिटं काढतो, तेही मूळचे हबशीच. त्याच्याही आधी, पैठणचा माल नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडं जायचा. आपण किनाऱ्याला 'मिनी गोवा' म्हणून शोधायला जातो, पण आपलं आणि किनाऱ्याचं नातं दोन हजार वर्षांचं आहे.

तुम्ही म्हणाल, सुट्टीत इतिहास कुठं वाचत बसायचा? मजा करायला जातो आपण. एकदम मान्य! मीही मजाच केली. बांगडा खाल्ला, सनसेटला फोटो काढले, रत्नदुर्गावरच्या वाऱ्यात टोपी घालवली. माझं म्हणणं एवढंच की 'दहा पॉइंट दोन दिवसांत' हा हिशेब सोडा. पाचच बघा. उरलेल्या वेळात बंद शटरसमोर बसा आणि समोरच्याला दोन प्रश्न विचारा. पैसे कमी लागतात, हा आणखी एक फायदा.

आणि निवांत गावाला आळशी म्हणणं बंद करूया. ज्या गावात मच्छीमार पहाटे समुद्रावर असतो, त्या गावानं दुपारी झोपायचं नाही तर काय करायचं? आपल्याला पुण्या-मुंबईवाले 'स्लो' म्हणतात, तेव्हा कसं झोंबतं? मग तेच आपण रत्नागिरीला का ऐकवायचं?

परत आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही चौघं सकाळी सात वाजता पैठण गेटला भेटलो. गाड्या लावल्या आणि चालत गुलमंडीला आलो. दुकानं उघडायची होती. एका ओट्यावर झाडू मारणाऱ्या आजोबांना विचारलं, "आजोबा, याला सुपारी हनुमान का म्हणतात?" त्यांनी झाडू बाजूला ठेवला. पुढचा पाऊण तास ते बोलत होते. काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. तुम्ही जाऊन विचारा.

काकूंना फोन केलाय. मे महिन्यात त्या येतायत. उन्हाळा आहे म्हटलं, तर म्हणाल्या, "चालेल, पण दाखवायला तयार राहा."