अंगावरचं पांढरं आणि आपल्या खाली माना



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक झाली. शिष्यवृत्तीवर बोलणं झालं, राखीव जागांवर झालं, जयंतीच्या वर्गणीवर तर भांडण झालं. शेवटी मी उभी राहिले. म्हणाले, बायांच्या अंगावर पांढरं जातं, त्यावर एक बैठक घ्या. सगळ्या माना खाली. एक जण उगाच चपला शोधायला लागला. अध्यक्ष म्हणाला, "ताई, ही खाजगी बाब आहे. चळवळीचा प्रश्न नाही."

खाजगी! चवदार तळंही खाजगी आहे, असंच महाडचे सवर्ण कोर्टात सांगत होते. 1937 साली हायकोर्टात हरले. आता तीच पाटी तुम्ही आमच्या अंगाला लावताय?

आणि लाज कसली? र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. खटला हरले, पण लाजले नाहीत. विहारात फोटो त्यांचाच आहे ना?

आता माझ्या आईचं ऐका. तिच्या अंगावर पांढरं जायचं. "आगं, हाडाचं पाणी व्हतंय," म्हणायची. तीस वर्षं भ्याली. खडी फोडून आणलेल्या मजुरीतनं बाजारातल्या दवावाल्याच्या पुड्या घेतल्या, चोरून. पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर तांबूस, घाण वासाचं पाणी जायला लागलं. तेव्हा मात्र ती भ्याली नाही. "त्येच जुनं हाय," म्हणाली. आठ महिने लुगड्याच्या धडप्यात लपवलं. दवाखान्यात नेलं तोवर गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पसरला होता. गेली.

जे साधं होतं त्याला ती जन्मभर भ्याली. जे जीव घेणारं होतं ते तिला साधं वाटलं. फरक तिला कुणी सांगितलाच नव्हता. मीसुद्धा नाही. मी तेव्हा बी.ए. झाले होते, मोर्चात घोषणा देत होते.

म्हणून तो फरक इथं लिहिते. बायांनी वाचावा, भावांनी घरात वाचून दाखवावा.

योनीतून पाणी जाणं हा रोग नाही. (योनी. शब्द लिहिला, छत कोसळलं नाही.) वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत ती स्वतःला ओली नि स्वच्छ ठेवते. हे पाणी पारदर्शक किंवा पांढरट असतं. घाण वास नाही, खाज नाही, आग नाही. दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज सुटायच्या सुमाराला, ते अंड्यातल्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं, तार धरतं. गरोदरपणात जास्त जातं. हाडांचा त्यात काडीचाही संबंध नाही. कंबर ओझ्यानं दुखते, आणि अशक्तपणा पुष्कळदा रक्त कमी असल्यानं येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायांत 57 जणींना रक्त कमी निघालं. पुड्या विकणारा हे सांगायचा नाही.

मग रोग कधी म्हणायचा? दह्याच्या गाठीसारखं घट्ट आणि सोबत खाज, तर बहुधा बुरशी. पातळ, राखाडी, माशासारखा वास, तर आतल्या जंतूंचा तोल बिघडलाय. पिवळं-हिरवं, फेसाळ, आग होते, तर ट्रायकोमोनास असू शकतो. हा संबंधातून लागतो. तिथं नवऱ्यानंही औषध घ्यायचं, त्याला काही त्रास नसला तरी. (इथं पुन्हा माना खाली!) ओटीपोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर रक्त, रक्ताळलेलं घाण पाणी: आतून तपासणी झालीच पाहिजे. रंग-वासावरनं नुसता अंदाज येतो, खात्री तपासणीनंच होते. आणि आत साबण, जंतुनाशक घालून धुवायचं नाही. त्यानं राखण करणारे जंतूच मरतात.

हे अज्ञान कुणाला पोसतं तेही बघा. 2019 साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली. तेरा हजारांवर बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून गेलो, कॅन्सर होईल म्हणून डॉक्टरनं भ्या घातलं, असं कित्येकींनी सांगितलं. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून बाईही टेबलावर चढते. माझ्या आईला कुणी तपासलं नाही, म्हणून मेली. ह्यांना भीती घालून कापलं. साधं काय नि धोक्याचं काय, हे दोन्हीकडे बाईला ठाऊक नव्हतं.

राणी बंग, अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बाया तपासल्या. 1989 साली ते छापून आलं. शंभरात 92 जणींना स्त्रीरोग होता. त्याआधी आतून तपासणी झालेल्या शंभरात फक्त 8. ही आकडेवारी आपल्या कुठल्या भाषणात ऐकली?

25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती जाळली. पण पाळीचं कापड अजून आपल्याच घरात अंधारात, ओलंच वाळतं. ते उन्हात दोरीवर आलं पाहिजे. तिशी ओलांडलेल्या बाईच्या गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आपल्या वस्तीत ती होते का, जाऊन विचारा. आडनाव ऐकून डॉक्टरचा हात आखडला, तर तो मोर्चाचाच प्रश्न आहे.

येत्या रविवारी विहारात बैठक आहे. मी बोलणार आहे. बाया येणार आहेत. तुम्हीही या. आणि मधेच चपला शोधायला उठू नका.