जाहीर इशारा : कार्बनचा हिशेब वॉर्डात मांडा

मुंबई महापालिकेचे आयुक्त, सगळे नगरसेवक आणि प्रत्येक वॉर्डाचे सहायक आयुक्त यांना आम्ही रहिवासी हे कळवत आहोत. विनंत्या करून झाल्या. हा इशारा आहे आणि त्याला मुदत आहे : २ ऑक्टोबर.

मुंबईचा वातावरण कृती आराखडा १३ मार्च २०२२ रोजी थाटामाटात जाहीर झाला. देशाने ‘नेट झिरो’साठी २०७० साल धरलं आहे, मुंबईने २०५०. त्याआधीचे टप्पेही ठरले : २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के. २०१९ सालचं शहराचं उत्सर्जन आराखड्यानेच सुमारे २ कोटी ३४ लाख टन धरलंय. त्यातले सत्तरेक लाख टन २०३० पर्यंत कमी व्हायला हवेत. आराखडा वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. कचरा, झाडं, पूर, वीज, हवा, वाहतूक, सगळं त्यात आहे. फक्त तो जाहीर होण्याच्या सहा दिवस आधी, ७ मार्चला, नगरसेवकांची मुदत संपली होती. आराखडा आला त्या दिवशी या शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता आणि पुढची जवळजवळ चार वर्षं नव्हता. या काळात जाब विचारायचा तर कुणाला, हे एकदा सांगाच.

हे सत्तर लाख टन आहेत तरी कुठे? आराखड्याच्याच हिशेबाने जवळपास तीन-चतुर्थांश उत्सर्जन इमारतींतली वीज आणि इंधन यांतून होतं, आणि ही वीज मुख्यतः कोळशाची. पाचवा हिस्सा वाहनांचा. उरलेला कचऱ्याचा. म्हणजे हा धूर मुख्यालयाच्या फायलींत सापडायचा नाही. तो आमच्या एसीत आहे, जिन्यातल्या दिव्यात आहे, पाण्याच्या पंपात आहे, रोजच्या ओल्या कचऱ्यात आहे. तो कमी करायचा तर आमच्या हातांनीच होणार. आणि ज्यांच्या हातांनी व्हायचं त्यांना विचारायचं मात्र नाही, असा हा कारभार.

लोकांना बाजूला ठेवून नियम केला की काय होतं, याचा दाखला शोधायला लांब जायला नको. २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांनी, म्हणजे वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांनी, ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायचा असा फतवा निघाला. नियम योग्यच होता. साठलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. १९२७ पासून कचरा गिळणाऱ्या देवनारच्या डोंगराने २०१६ च्या जानेवारीत पेट घेतला तेव्हा शहर दिवसेंदिवस खोकत होतं. पण खड्डा कुठे खणायचा, वास आला तर काय करायचं, तयार झालेलं खत कोण उचलणार, हे सोसायट्यांबरोबर बसून कुणी ठरवलं? नोटीस आली, खड्डा झाला, फोटो निघाला. आज अशा एखाद्या सोसायटीच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. खताच्या टाकीवर रंगाचे रिकामे डबे, फुटक्या लाद्या, कुणाच्या तरी घरातून निघालेला कमोड. वॉचमन सांगतो, ‘ते आता बंद आहे, साहेब.’ कधीपासून, ते त्यालाही आठवत नाही.

आणि तुमचा ‘लोकसहभाग’ही आम्ही ओळखून आहोत. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, गार हॉलमध्ये, इंग्रजी स्लाइड. दोन तास तज्ज्ञ बोलतात, शेवटची दहा मिनिटं ‘प्रश्नोत्तरं’, मग सामोसा. दारात वहीवर सही घेतात. तीच सही पुढे अहवालात ‘नागरिकांशी सल्लामसलत’ म्हणून मिरवते. गोवंडीची कचरा वेचणारी बाई त्या वेळी कामावर असते. २०११ च्या जनगणनेत मुंबईची पाचातली दोन माणसं झोपडपट्टीत राहत होती. तापलेल्या पत्र्याखाली रात्र काढणाऱ्या या माणसांना उष्म्याबद्दल स्लाइड दाखवायची गरज नाही. त्यांना फक्त विचारायची गरज आहे.

बसचंही तेच. आराखडा म्हणतो सार्वजनिक वाहतूक वाढवा. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या. तो ताफा आटत गेला आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं पाच रुपयांवरून थेट दहावर गेलं. मोटारींसाठी किनारी रस्ता, बसवाल्यांसाठी थांब्यावर ताटकळणं. बस येत नाही म्हणून हप्त्यावर दुचाकी घेतलेल्या पोराला उत्सर्जनाचं प्रवचन कुठल्या तोंडाने देणार?

आता आमच्या लोकांनाही दोन शब्द, कारण ‘लोकच येत नाहीत’ हे तुमचं ठेवणीतलं उत्तर अगदीच खोटं नाही. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा ठराव आला की ‘रिडेव्हलपमेंट होणारच आहे, कशाला खर्च’ म्हणून तो बारगळवणारे आम्हीच. सामायिक विजेसाठी केंद्राच्या सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना किलोवॉटमागे अठरा हजारांचं अनुदान आहे, हे किती सेक्रेटरींना ठाऊक आहे? सार्वजनिक बागेपेक्षा पार्किंगसाठी आधी अर्ज करणारेही आम्हीच. रहिवाशांनो, यापुढे सर्वसाधारण सभेला दांडी मारून वॉर्ड ऑफिसला शिव्या देणं बंद करा. नाही केलंत तर या लढ्यात तुमची बाजू आम्ही मांडणार नाही.

तर मागण्या. २ ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक वॉर्डाचा वेगळा हिशेब जाहीर करा : वीज किती, वाहनं किती, कचरा किती, २०१९ नंतर काय घटलं आणि काय वाढलं. मराठीत, हिंदीत, उर्दूत, आणि वॉर्ड ऑफिसच्या फलकावर. ‘आकडे वॉर्डनिहाय उपलब्ध नाहीत’ हे उत्तर ऐकून घेणार नाही. विजेची बिलं पत्त्यावारी निघतात आणि कचऱ्याच्या गाड्यांचं वजन नोंदलं जातं. त्याच मुदतीत प्रत्येक प्रभागात पालिका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी खुली सभा घ्या. प्रत्येक सूचनेपुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य, कारण अमुक’ असं लेखी उत्तर हवं. राज्याच्या महापालिका कायद्यांत २००९ साली रहिवाशांच्या क्षेत्रसभेची तरतूद आली. आपल्या गल्लीची क्षेत्रसभा पाहिलेला मुंबईकर कुणाला भेटला असेल तर कळवावं. आणि पैसा. आयुक्त ५ फेब्रुवारीपर्यंत अंदाजपत्रक मांडतात. त्यात वॉर्डाच्या वातावरण कामांचा ठरावीक वाटा रहिवाशांनी सुचवलेल्या कामांसाठी राखून ठेवा. पुण्यात २००६ पासून नागरिक अंदाजपत्रकात कामं सुचवतात. पुण्याचं उदाहरण घ्यावं लागतंय हे आम्हा मुंबईकरांना फार गोड लागत नाही, पण नाइलाज आहे.

मुदत टळली तर काय, तेही ऐका. ३ ऑक्टोबरपासून तुमच्या कुठल्याही संवादाला, कार्यशाळेला, वृक्षारोपणाच्या फोटोला आमच्यातलं कुणी येणार नाही, आणि आलेल्याची सही आम्ही रहिवाशांची मानणार नाही. प्रत्येक वॉर्ड ऑफिसात एकाच दिवशी माहिती अधिकाराचे अर्ज पडतील. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग आयोग. मुंबई २०२० पासून ज्या सी-४० शहरसंघटनेची सभासद आहे, तिला आम्ही स्वतंत्र पत्र लिहू, की या शहराच्या आराखड्यात लोकसहभागाचा रकाना आमच्या मते कोरा आहे. कोरा का, याचे कागद सोबत जोडू. आणि नगरसेवकांनो, तुमच्या प्रभागात सभा झाली की नाही, हे दर महिन्याला चौकातल्या फळ्यावर तुमच्या नावासकट लिहिलं जाईल. पुढच्या निवडणुकीपर्यंत तो फळा पुसणार नाही.

दगड उचलणार नाही, रस्ता अडवणार नाही. सगळं कायद्यात बसवून करू, म्हणूनच ते टाळणं तुम्हाला जड जाईल.

या पत्राच्या प्रती येत्या सोमवारी सगळ्या वॉर्ड ऑफिसांच्या आवक खिडकीवर दिल्या जातील. पोच शिक्क्यासकट आणि तारखेसकट हवी. ती मिळेपर्यंत आमची माणसं रांगेतून हलणार नाहीत.