पण रस्त्यावर माणूस कुठे आहे?

२ नोव्हेंबर २०२५ चा रविवार आमच्या घरात कुणी विसरेल असं वाटत नाही. महिलांच्या विश्वचषकाची फायनल, आणि तीही नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर! आमच्या खारघर स्टेशनातून लोकलने तिसरं स्टेशन. तिकिटं मिळाली नाहीत, आणि मिळाली असती तरी आमच्या ह्यांना तिथल्या पायऱ्या चढवल्या नसत्या. म्हणून बेलपाड्यातल्या आमच्या छोट्याशा हॉलमध्ये घरचे पाच आणि शेजारची तीन पोरं असे सगळे दाटीवाटीने बसलो. बाहेर पाऊस, तिकडे मैदानावरही पाऊस. खेळ सुरू व्हायला दोन तास उशीर झाला. त्या दोन तासांत आम्ही काय पाहिलं असेल? जाहिराती! आणि त्यातही गाड्यांच्या.

पुढे मॅच रंगली. शेफालीच्या ८७ धावा, दीप्तीचे पाच बळी, अमनजोतने तीनदा हातातून निसटता निसटता पकडलेला तो कॅच... मध्यरात्री आपण ५२ धावांनी जिंकलो तेव्हा गल्लीत फटाके वाजले. पण आज लिहायचंय ते मॅचबद्दल नाही. ओव्हर संपली की जी चाळीस-पन्नास सेकंदं मिळतात त्याबद्दल, आणि त्या सेकंदांत आमच्या घरात जे बोललं जातं त्याबद्दल.

जाहिरात साधारण एकाच छापाची असते. घाट, धुकं, ओला चकचकीत रस्ता आणि त्यावरून झोकात वळणं घेणारी एक गाडी. ती लागली की मुलगा म्हणतो, "ॲव्हरेज किती देते ते सांगत नाहीत बघ." सूनबाई म्हणतात, "बाई आहे, पण नेहमीसारखी शेजारच्या सीटवर. केस उडवायला." नातू तोंडाने गाडीचा आवाज काढतो. आणि ही सगळी बडबड संपली की कोपऱ्यातल्या खुर्चीतून आमच्या ह्यांचा प्रश्न येतो, "पण रस्त्यावर माणूस कुठे आहे?"

नेहमी येतो, अगदी ठरल्यासारखा. आता पोरंसुद्धा त्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणतात आणि हसतात. मीही हसते. पण हा प्रश्न कुठून येतो ते मला ठाऊक आहे. २०११ साली सायन-पनवेल हायवे ओलांडताना एका गाडीने ह्यांना उडवलं. गाडी थांबली नाही. मांडीत रॉड आहे, चालताना काठी लागते. घरी आल्यावर पहिले काही महिने टीव्हीवर गाडीची जाहिरात लागली की हे मान फिरवायचे. मग कधीतरी मान फिरवणं थांबलं आणि हा प्रश्न सुरू झाला.

हे सगळं मी न्यू जर्सीच्या भाचीला फोनवर सांगत होते. ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे तर लोक जाहिरातींना मार्क देतात!" तिकडे फेब्रुवारीत त्यांच्या फुटबॉलचा मोठा सामना असतो, सुपर बोल. (ह्या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो, पण ते असो.) त्या सामन्यात जाहिरातीच्या तीस सेकंदांचा भाव २०२५ साली ८० लाख डॉलरपर्यंत गेला होता. सामन्याइतकीच लोक जाहिरातींची वाट बघतात. आणि १९८९ पासून तिथलं 'यूएसए टुडे' हे वर्तमानपत्र प्रेक्षकांकडून त्या जाहिरातींना गुण देववतं. शाळेसारखा निकाल लागतो, पहिली कोण, शेवटची कोण!

माझ्यातली मास्तरीण लगेच जागी झाली. मी विचारलं, "मग गाड्यांच्या जाहिरातीत पहिली कोण येते?" तर म्हणे ज्यात कुत्रा असतो, लहान मूल असतं, नाहीतर डोळ्यांत पाणी येतं, ती. २०११ ची फोक्सवॅगनची एक तिने मला पाठवली. काळा मुखवटा घातलेला छोटा मुलगा आपल्या अंगी जादू आहे असं समजून घरातल्या प्रत्येक वस्तूवर हात रोखतो. काहीच होत नाही. शेवटी दारातल्या गाडीपुढे हात करतो आणि ती खरंच सुरू होते, कारण बाबांनी आतून रिमोट दाबलेला असतो. मी दोनदा पाहिली. मीही चांगले गुण दिले असते, खोटं कशाला बोलू?

पण त्यानंतर तिने जी सांगितली ती ऐकून मी ताठ बसले. ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये रॅम ट्रक्सने एक जाहिरात दाखवली. कष्ट करणारी, एकमेकांना मदत करणारी माणसं पडद्यावर, आणि आवाज मार्टिन ल्यूथर किंग यांचा. सेवा करणारा माणूसच मोठा, असं ते सांगतायत. हे प्रवचन त्यांनी अटलांटातल्या आपल्या चर्चमध्ये दिलं होतं ४ फेब्रुवारी १९६८ ला, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांपूर्वी. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्यांची हत्या झाली. अशा माणसाचा आवाज ट्रक विकायला!

लोक चिडले. पण नुसते चिडले असते तर मी हे लिहिलं नसतं. कुणीतरी ते प्रवचन पूर्ण काढून ऐकलं. तर त्याच प्रवचनात किंगनी जाहिरातवाल्यांपासून सावध राहायला सांगितलेलं! शेजाऱ्यापेक्षा वरचढ दिसायच्या हौसेपायी माणूस ऐपतीबाहेरची गाडी घेतो, हेही त्यातच होतं. मग कुणीतरी जाहिरातीची तीच चित्रं घेतली आणि त्यांवर प्रवचनाचा हा दुसरा भाग लावून टाकला. मला विचाराल तर इतकं चोख उत्तर दुसरं नाही.

आयुष्यभर मुलांना हेच सांगत आले हो मी. गाईडमधली अधोरेखित ओळ पाठ करू नका, धडा पूर्ण वाचा. पुढच्या परिच्छेदात लेखक काय म्हणतो ते बघा. जाहिरात करणारा नेमका गाईडवाल्यासारखा असतो, त्याला हवी तेवढीच ओळ तो अधोरेखित करतो.

तिकडे प्रेक्षकांच्या बोलण्याचा उपयोगही होतो कधीकधी. २००७ साली जनरल मोटर्सच्या जाहिरातीत एक यंत्रमानव हातून स्क्रू पडला म्हणून कामावरून निघतो आणि स्वप्नात पुलावरून उडी मारतो. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने आक्षेप घेतला आणि कंपनीने तो भाग बदलला. गंमत म्हणून केलेली गोष्ट कुणाच्या घरात कशी पोचेल ते बनवणाऱ्याला कळत नाही, बघणाऱ्यालाच सांगावं लागतं.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे. ४ सप्टेंबर २०२२, तोही रविवारच. दुपारी पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला आणि ते गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. संध्याकाळी आशिया कपात भारत-पाकिस्तान मॅच होती. बातमी आणि मॅच एकाच टीव्हीवर, एकाच दिवशी! आमचे हे त्या दिवशी नेहमीचा प्रश्न विचारायलाही बसले नाहीत, आत जाऊन पडले.

त्याच आठवड्यात सरकारतर्फे सहा एअरबॅगांचा प्रचार करणारी अक्षयकुमारची एक जाहिरात आली. लग्न झालेल्या मुलीची पाठवणी चाललीय, मुलगी रडतेय, आणि अक्षयकुमार तिच्या वडिलांना सुनावतो की गाडीला एअरबॅगा दोनच आहेत. मी मान डोलावली. चांगलं सांगतायत, म्हटलं. सूनबाई म्हणाल्या, "आई, गाडी कुणी दिलीय?" माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश! गाडी मुलीच्या बापाने दिलेली! हुंड्याविरुद्ध भाषणस्पर्धा घेणारी मी, आणि मला ते दिसलंच नव्हतं. पुढे बऱ्याच लोकांनी तेच बोलून दाखवलं, खूप टीका झाली. एकाच जाहिरातीत एक गोष्ट अगदी खरी आणि एक अगदी चुकीची असू शकते, हे मला त्या दिवशी सुनेने शिकवलं.

जाहिरातींविरुद्ध तक्रार करता येते, हे किती जणांना माहीत आहे? मुंबईत १९८५ पासून अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिल ऑफ इंडिया नावाची संस्था आहे, जाहिरात व्यवसायाने स्वतःच उभारलेली. आपण कुणीही तक्रार पाठवू शकतो. गाड्यांच्या जाहिरातींसाठी त्यांचे वेगळे नियमसुद्धा आहेत: वाहतुकीचे नियम मोडताना दाखवू नये, बेफाम वेगाला उत्तेजन देऊ नये, कसरती दाखवल्या तर सूचना वाचता येईल अशी द्यावी. (ती सूचना माझ्या चष्म्याला तरी अजून वाचता आलेली नाही.)

एकदा मी ह्यांच्या वतीने तक्रार लिहायला बसले. आणि अडले. लिहू काय? गाडी वेगात नव्हती. नियम मोडला नव्हता. दाखवलेलं काहीच खोटं नव्हतं. फक्त एकशे चाळीस कोटींच्या देशातल्या त्या रस्त्यावर भाजीवाला नव्हता, सायकल नव्हती, शाळेतून घरी जाणारी पोरं नव्हती. जे दाखवलंच नाही त्याची तक्रार कुठल्या नियमात बसवायची? माझं मत असं झालंय की ह्या जाहिराती गाडी विकतच नाहीत. त्या रिकामा रस्ता विकतात, आणि तो कंपनीकडे नसतोच. मग गाडी घेऊन माणूस बाहेर पडतो आणि समोर येणारा प्रत्येक जण त्याला आपल्या विकत घेतलेल्या रस्त्यात घुसल्यासारखा वाटतो. हॉर्न ऐका ना आमच्या कोपऱ्यावरचे!

तसं गाडीचं वेड मलाही कळतं. १० मार्च १९८५ चा मेलबर्नचा सामना आम्ही पनवेलला शेजाऱ्यांच्या घरी पाहिला होता. पाकिस्तानला हरवलं, रवी शास्त्रीला ऑडी मिळाली आणि अख्खा संघ त्या गाडीवर लटकून मैदानात फिरला. आपल्या रस्त्यांवर तेव्हा ॲम्बेसिडर, फियाट आणि नवीनच आलेली मारुती. ऑडी हे नावच आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आठवड्याने वर्गात 'माझे स्वप्न' निबंध दिला तर निम्म्या मुलांना ऑडी हवी होती! पण तेव्हा मैदान माणसांनी फुललेलं होतं आणि गाडीवर अकराच्या वर माणसं होती. २०२५ मध्ये मुली जिंकल्यावर टाटा मोटर्सने संघातल्या प्रत्येकीला नवी सिएरा द्यायचं जाहीर केलं, तेव्हा सूनबाईंनी टाळ्या वाजवल्या. "ह्या शेजारच्या सीटवर बसणार नाहीत," म्हणाल्या.

आता घरातलीच गोष्ट सांगते, नाहीतर नातेवाईक म्हणतील लपवलं. आमच्याकडेही गाडी आली. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि मुलाने मनावर घेतलं. मी विरोध केला. सात वर्षांचे हप्ते! आणि ठेवणार कुठे, आमच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. मुलगा एवढंच म्हणाला, "आई, बाबांना दवाखान्यात रिक्षातून नेताना त्यांचा चेहरा बघितलायस ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. गाडी गल्लीच्या टोकाला उभी असते आणि तिथवर काठी टेकत जायला ह्यांना पाच-सात मिनिटं लागतात.

पहिल्या दिवशी हे मागे बसले. आधी स्वतःचा पट्टा लावला, मग माझा लागलाय का ते ओढून पाहिलं, मग नातवाचा. उत्सव चौकाकडे वळताना एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्ता ओलांडायला निघाली. मुलाचा हात हॉर्नकडे गेला.

मागून आवाज आला, "हा बघ, माणूस."

मुलाने ब्रेक दाबला. बाई आमच्याकडे न बघताच सावकाश पलीकडे गेली. नातू म्हणाला, "आजोबा, आपली जाहिरात पास!" हे म्हणाले, "पस्तीस दे. हॉर्नकडे हात गेला होता."