शाळेच्या वाटेवरचा प्रश्न : ‘कोणाचा रे तू?’

लहान मुलांना शाळेत एकटे पाठवावे की नाही, यावर मोठ्या वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्यांमधून अधूनमधून फार गंभीर चर्चा झडते. मुलाला आठव्या वर्षी एकटे सोडावे की दहाव्या, त्याच्या दप्तरात मोबाईल ठेवावा की मनगटावर ठावठिकाणा सांगणारे घड्याळ बांधावे, सोसायटीच्या फाटकापासून व्हॅनपर्यंत त्याला चालू दिले तर त्याचा आत्मविश्वास वाढेल काय, असे प्रश्न तिथे तज्ज्ञ मंडळी सोडवीत असतात. आमचा या चर्चेला विरोध नाही. मूल कोणाचेही असो, ते सुखरूप घरी यावे असेच आम्हाला वाटते. पण पहाटे साडेपाचला हातात झाडू घेऊन घर सोडणाऱ्या सफाई कामगार भगिनीला हा प्रश्न कोणी कधी विचारला आहे काय? मजूर नाक्यावर आठच्या आत उभे राहिले नाही तर त्या दिवसाची रोजी बुडते, अशा बापाला कोणी विचारले आहे काय? त्यांच्या घरात हा निर्णय घ्यावाच लागत नाही, तो आधीच झालेला असतो. सहावीतली बहीण दुसरीतल्या भावाची वेणीफणी नसली तरी भांग पाडून देते, दाराला कुलूप लावते, किल्ली दोरीने गळ्यात अडकवते आणि त्याचे बोट धरून निघते. याला कोणी स्वावलंबनाचे शिक्षण म्हणत असेल तर म्हणो. आम्ही त्याला आईबापाला रजा न मिळणे म्हणतो.

तेव्हा आमच्या समाजापुढचा प्रश्न पोराला एकटे पाठवावे की नाही हा नाही. ते एकटेच जाते. प्रश्न आहे तो वाटेचा. ती वाट किती लांब आहे, ती कोणाच्या दारावरून जाते आणि त्या वाटेवर त्याला कोण काय विचारते, हे प्रश्न आहेत.

एकट्या निघालेल्या मुलांची एक कथा आमच्या वाचकांना पाठ आहे, तरी ती इथे पुन्हा सांगितली पाहिजे. १९०१ साल. वडील रामजी सुभेदार दुष्काळी कामावर खटाव तालुक्यातील गोरेगावला रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडे जायला सातारहून मुले निघाली : नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची मुले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. सोबत मोठे माणूस कोणी नाही. आजच्या तज्ज्ञांच्या भाषेत सांगायचे तर मुलांची तयारी उत्तम होती. पत्र आधी टाकले होते, तिकिटाचे पैसे होते, मुले धीट होती. मसूर स्टेशनवर उतरल्यावर न्यायला कोणी आले नाही, कारण पत्र नोकराच्या हाती पडले आणि त्याने ते मालकाला दिलेच नाही. इथपर्यंत जे घडले ते कोणाच्याही मुलांबाबत घडू शकते. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तरही आधी आपुलकीनेच चौकशीला आला. पुढे त्याने विचारले, तुम्ही कोण? मुलांनी खरे ते सांगितले आणि मास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसेना. शेवटी मुलांनी बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशी तोड निघाली. रात्रभर जवळ अन्न असून पाणी मिळाले नाही, आणि पाण्यावाचून ते अन्न तसेच राहिले. बाबासाहेबांनी हे सारे पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे.

या प्रसंगाकडे आपण नेहमी अस्पृश्यतेचा दाखला म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुले कुठेही चुकली नाहीत. वाट चुकली नाहीत, पैसे हरवले नाहीत, रडत बसली नाहीत, एवढेच काय, बैलगाडीही त्यांनीच हाकली. एकट्याने प्रवास करायला जे जे शिकवावे म्हणतात, ते सर्व त्यांच्याजवळ होते. चुकला तो रस्ता. त्याच साताऱ्यात हेच मूल रोज शाळेत जाताना बसायचे गोणपाट काखेत घेऊन जात असे आणि संध्याकाळी ते घरी परत आणीत असे, कारण शाळेचा झाडूवाला त्या गोणपाटाला शिवत नसे. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांचा सातारच्या शाळेतील प्रवेशाचा दिवस राज्य सरकार २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. भाषणे होतात, प्रतिमेला हार घातले जातात. शाळेच्या वाटेचा विषय मात्र त्या दिवशी निघत नाही.

आजही खेड्यातली वस्ती गावाच्या कडेला आणि शाळा गावठाणात, अशी रचना जागोजागी आहे. म्हणजे आमच्या पोराला शाळेत जायचे तर सारे गाव ओलांडावे लागते. पारावर बसलेला एखादा म्हातारा प्रेमळ आवाजात विचारतो, “कोणाचा रे तू?” हा प्रश्न ऐकायला किती गोड! पण त्याचे उत्तर आले की आवाज बदलतो, हे आमच्यातल्या ज्याचे बालपण खेड्यात गेले त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शहरात हाच प्रश्न “राहतोस कुठे?” असा येतो. पोराने भीमनगर म्हटले की झाले. शहरी आया मुलाला रस्ता ओलांडायला शिकवतात. आमच्या आयांना रस्ताही शिकवावा लागतो आणि या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे तेही. कोणी म्हणतात, खरे सांगू नको, पुढे जा. आमचे मत वेगळे आहे. पोराने मान वर करून बापाचे नाव सांगावे आणि पुढे जावे. पण हे वर्तमानपत्रात लिहायला सोपे आहे आणि सात वर्षांच्या पोराला निर्मनुष्य रस्त्यावर फार अवघड, एवढे आम्हाला कळते.

आता अंतराकडे येऊ, कारण सरकारचा हात इथे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालील नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. जिथे लहान वाड्यापाड्यांजवळ शाळा नसेल तिथे मोफत वाहनाची किंवा निवासाची सोय करणे सरकारवर बंधनकारक. कायदा करणाऱ्याला ठाऊक होते की सहा वर्षांचे पोर एक किलोमीटरच चालू शकते. पण २०१७ च्या अखेरीस याच राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करून मुले दुसरीकडे हलवण्याचे ठरले. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा ‘समूह शाळे’त समावेश करण्याची योजना आली. अशा शाळा १४,७८३ आणि त्यांतील विद्यार्थी सुमारे १ लाख ८५ हजार, असा सरकारचाच आकडा होता. नमुना म्हणून पानशेतचे उदाहरण दिले गेले. तिथे मोठी इमारत आहे, बस आहे. असेल! पण ज्या वाडीत डांबरी रस्ताच नाही तिथे बस कुठून येणार आणि डिझेलचा निधी संपल्यावर ती कोण चालवणार? कमी पटाच्या शाळा आहेत कुठे? आदिवासी पाड्यांवर, भटक्यांच्या तांड्यांवर, धनगरवाड्यांवर, आमच्या वस्त्यांच्या शेजारी. पोराला वाटेवर एकटे सोडावे की नाही याची चिंता शहरात करायची आणि खेड्यात त्याचीच वाट एका किलोमीटरवरून पाचावर न्यायची, असा हा कारभार आहे.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका बातमीची स्वतःहून दखल घेतली. बातमी सातारा जिल्ह्याचीच. जावळी तालुक्यातील खिरखंडीच्या मुली शाळेत जाण्यासाठी कोयनेच्या जलाशयात स्वतः होडी वल्हवीत होत्या आणि पलीकडे उतरून जंगलातून चालत होत्या. १९०१ मध्ये साताऱ्याच्या मुलांनी बैल हाकले, १२० वर्षांनंतर साताऱ्याच्या मुलींनी वल्ही मारली. मुलींच्या धाडसाचे कौतुक भरपूर झाले. आम्हाला त्या कौतुकाचा थोडा रागच येतो. लेकराच्या धाडसावर टाळ्या वाजवल्या की पूल बांधायची जबाबदारी संपते काय?

अंतराचा पहिला फटका मुलीला बसतो. गावातली शाळा सातवीला संपते, पुढची दुसऱ्या गावात. भाऊ सायकलवर जातो, बहीण घरी बसते आणि दोन वर्षांत तिचे हात पिवळे करण्याची बोलणी सुरू होतात. यावर काही चांगले उपायही झाले, ते नाकारण्याचे कारण नाही. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या एसटी गाड्या आल्या, सायकली वाटल्या गेल्या, अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळाले. या निळ्या गाडीने किती मुलींचे बालविवाह टळले असतील, याचा हिशेब कोणी करायला हवा. पण गाडी आली तर! करोनाच्या टाळेबंदीनंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये खेड्यांतील वरच्या वर्गांच्या शाळा उघडल्या आणि लगेचच एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. आम्ही कामगारांच्या बाजूचे आहोत, त्यांच्या मागण्या रास्त होत्या. मात्र त्या महिन्यांत घरी बसलेल्या सर्वच मुली पुन्हा वर्गात आल्या नाहीत, ही गोष्ट आम्ही वस्त्यांमधून स्वतः पाहिली आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढाही शाळेच्या वाटेवरूनच पेटला होता. कॅन्सास राज्यातील टोपेका शहरात लिंडा ब्राऊन या लहान मुलीच्या घराजवळ शाळा होती, पण ती गोऱ्यांची. तिला रेल्वेचे रूळ ओलांडून बस गाठावी लागे आणि दूरच्या काळ्यांच्या शाळेत जावे लागे. तिच्या बापाने मुलीला धीट केले नाही, त्याने इतर पालकांसोबत खटला लढवला. १७ मे १९५४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

वाटेवरच्या धोक्याबद्दल बोलताना सारे ‘अनोळखी माणसा’बद्दल बोलतात. पोलिसांच्या नोंदींचे राष्ट्रीय अहवाल दरवर्षी सांगतात की बालकांवरील बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणी आरोपी ओळखीतलाच असतो. आणि आमच्या मुलांच्या बाबतीत? २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा गावात बारावीत शिकणाऱ्या नितीन आगेला शाळेतून मारहाण करीत नेले गेले आणि त्याचा खून झाला. दिवसाढवळ्या, ओळखीच्या गावात. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फिरले. शाळेच्या दारापासून पुढचा रस्ता पाहणारे डोळे पुष्कळ होते, साक्ष देणारे उरले नाहीत. मुलाला एकटे पाठवायला बाप घाबरतो तेव्हा तो अंधाराला घाबरत नाही, या डोळ्यांना घाबरतो.

म्हणून आम्ही मुलांना घरात कोंडा असे म्हणतो काय? मुळीच नाही. सावित्रीमाई शेणगोळे झेलत शाळेला गेल्या, त्या वाटेवरून माघार नाही. फार लहान मुलाला धावत्या गाडीच्या वेगाचा अंदाज येत नाही आणि उभ्या ट्रकमागून ते चालकाला दिसतही नाही, म्हणून त्याला मोठ्या रस्त्यावर एकटे सोडू नये, घोळक्याने पाठवावे. जपानमध्ये अनेक ठिकाणी गल्लीतली मुले असा घोळका करून, मोठ्या मुलाच्या मागे, पिवळ्या टोप्या घालून चालत शाळेत जातात. वाटेतील वडीलधारी माणसे चौकात उभी राहतात. यात खर्च तो काय?

इथे दोन शब्द आपल्याच लोकांना. आपल्यातला नोकरदार वर्ग फ्लॅटमध्ये गेला, त्याचे पोर व्हॅनमध्ये बसले, याचा आम्हाला आनंद आहे. बाबासाहेबांच्या पुण्याईनेच ते घडले. पण ती व्हॅन रोज सकाळी ज्या वस्तीवरून जाते, तिथले पोर रस्ता ओलांडायला उभे असते, तेही त्याच समाजाचे आहे. जयंतीला डीजेवर हजारो रुपये उधळणाऱ्या मंडळातली दहा तरुण पोरे रोज सकाळी अर्धा तास चौकात का उभी राहू शकत नाहीत? विहाराची किल्ली ज्याच्याकडे असते त्याने शाळा सुटल्यावर दोन तास विहार उघडे ठेवले, तर किल्ली गळ्यात अडकवून फिरणाऱ्या बहीणभावाला आई येईपर्यंत बसायला छप्पर मिळेल. विहारे आपण वर्गणीतून बांधली. ती फक्त पौर्णिमेला उघडण्यासाठी बांधली नव्हती.

आणि सरकारकडे मागायचे ते कागदावर मागा. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. वस्तीपासून शाळेचे अंतर मोजून घ्या, ते जास्त भरले तर वाहनाची मागणी समितीच्या ठरावात लिहून घ्या, आगारप्रमुखाला गाडीच्या वेळेचे निवेदन द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. त्याआधी उद्या सकाळी पोराला सोडायला स्वतः जा आणि समितीची पुढची बैठक कधी आहे, हे शाळेत विचारा. अनेक शाळांत ती तारीख मुख्याध्यापकांनाही सांगता येत नाही.