समुद्रपूरच्या मैत्रिणीनं समुद्र पाहिला

आपल्या वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा अख्खा तालुका आहे. पण समुद्र? तो तर रेल्वेनं साडेसातशे किलोमीटर लांब मुंबईला! त्यामुळे वर्गात भरती-ओहोटीचा धडा आला की एक तरी पोरगा हमखास विचारतो, "बाई, मंग ते पाणी जाते कुठी?"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हेच पाहून आलो. आम्ही म्हणजे डी.एड.ला एकत्र असलेल्या सहा मैत्रिणी. एक आर्वीची, एक हिंगणघाटची, एक देवळीची, एक सेलूची, एक खुद्द समुद्रपूरची आणि सहावी मी. जायचं होतं अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर. हा किल्ला मोठा गमतीचा. भरतीला तो बेट असतो, चहूकडे पाणी. ओहोटीला त्याच जागेवरून माणसं चालत जातात, घोडागाड्यासुद्धा जातात!

पण चालत जायचं तर ओहोटी कधी, हे आधी कळायला हवं ना? त्याचं एक झकास गणित आहे, आणि त्याला लागतं फक्त घरचं कॅलेंडर. तिथीच्या आकड्याला तीननं गुणा, चारनं भागा. उत्तर येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. पहाटे तीनच्या आसपास भरती, आणि दुपारी पुन्हा तीनच्या सुमाराला. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊला. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, पण मुंबई-अलिबागकडे हिशेब जुळतो. तिथीवरून भरती का कळते? कारण पाणी ओढणारा मुख्य गडी चंद्रच. तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागं सरकते.

भाऊबीज म्हणजे द्वितीया. त्या दिवशी ओवाळणी आटोपून रात्री वर्ध्याहून सेवाग्राम एक्सप्रेस धरली. तृतीयेला मुंबईत उतरून गेटवेवरून लाँचनं मांडव्याला. तासाभराचा प्रवास, आणि लाँचमागे उडणारे पांढरे कुरव पक्षी! हे थंडीत उत्तरेकडून येणारे पाहुणे. मांडव्याहून पुढे अलिबाग. मुक्कामाचं फार सांगत नाही, डासच जास्त होते.

चतुर्थीला सकाळी आठला किनाऱ्यावर गेलो तर समुद्रपूरची उभीच राहिली. "बाप्पा! रात्री तं इथं लाटा होत्या!" आता तिथं ओली, कडक वाळू. मधे खडक, त्यांच्या खळग्यांत अडकलेले इवलेसे खेकडे. चप्पल हातात घेऊन चालत चालत दरवाज्यापाशी पोचलो.

हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले, तरी तो त्यांना घेता आला नाही. तटाचे दगड नीट पाहा. चुना न घालता नुसते एकमेकांवर बसवलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. आत १७५९ साली राघोजी आंग्रे यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. आणि चहूकडे खारं पाणी असताना किल्ल्यात गोडं पाणी! आर्वीच्या मैत्रिणीचा विश्वास बसेना.

दहाला निघायचं हे गाडीतच ठरलं होतं आणि घड्याळ होतं देवळीच्या मैत्रिणीकडे. दहा वाजले, तशी समुद्रपूरची बुरुजावरून हलेना. "येवढ्या लांबून आली मी, अर्धा घंटा थांबाना!" दोघी तिच्या बाजूनं झाल्या. पण देवळीची ऐकेना. तिनं सरळ तिची पिशवी उचलली आणि चालू लागली. मागून आम्ही, सगळ्यात शेवटी फुगलेली समुद्रपूरची.

अर्ध्या वाटेत तिचा फुगा फुटला. येताना कोरडी लागलेली एक सखल जागा आता घोट्याइतकी भरली होती. लाट नाही, आवाज नाही. भरतीचं पाणी असंच येतं, आधी सखल जागा भरतं. पहिल्या तासात ते हळू चढतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत भराभर. माणूस पहिल्या तासाचा वेग पाहतो आणि म्हणतो, अजून खूप वेळ आहे! उधाणाला तिकडे पाणी चार मीटरच्याही वर चढतं. आपल्या वर्गाच्या छताहून जास्त झालं ना? बाराच्या सुमाराला आम्ही किनाऱ्यावर भेळ खात होतो, तेव्हा चार-पाच तरुण कमरेएवढ्या पाण्यातून, बूट डोक्यावर धरून येताना दिसले. समुद्रपूरची काहीच बोलली नाही. देवळीला तिनं आपली भेळ दिली.

असं अडकलंच कुणी, तर पाण्यात उतरायचं नाही. किल्ल्यातच थांबायचं. भरतीत होडी येते, नाही तर पुढची ओहोटी आहेच. "मी धाममध्ये पोहतो," असं म्हणणारे माझ्या वर्गात तिघं आहेत. नदीतलं पोहणं इथं पुरत नाही. परतणारं पाणी पाय ओढतं. २०१६ च्या फेब्रुवारीत याच रायगड जिल्ह्यात मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तीही मित्रमैत्रिणींची सहलच होती.

आता कॅलेंडर काढा. समजा तुमचा गट दशमीला सकाळी नऊ वाजता कुलाबा किल्ल्यासमोर उभा आहे. चालत जाल की थांबाल? आणि थांबाल तर किती वाजेपर्यंत? गुणाकार-भागाकार वहीत करा आणि उत्तर पाठवा.