ऐन पावसाळ्यात छप्पर उभारावे काय?

पावसाळा लागला की बांधकामास हात घालावयाचा नाही, असा खेड्यापाड्यांतून सार्वत्रिक समज आहे. कोकणात तो योग्यच होय. परंतु सोलापूर जिल्ह्यापुरता त्याचा फेरविचार होणे अगत्याचे आहे. या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ५४५ मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भर सप्टेंबरात असतो. रब्बीच्या काळ्या जमिनी श्रावणात मोकळ्या असतात. वापसा असेल तोवर कुळव चालतो. झड लागली की तो उभा राहतो व घरची माणसे दोन-दोन दिवस रिकामी बसतात. मृगापूर्वी छप्पर घालणे सर्वांत उत्तम, याविषयी वाद नाही. परंतु उन्हाळ्यात राहिले ते आता दिवाळीनंतर पाहू, असे म्हणून जो शेतकरी आश्लेषा-मघांचे हे दिवस दवडतो, त्याचा कडबा उत्तरा व हस्ताच्या पावसात उघडाच सापडतो. तेव्हा पेरणीची घाई असल्याने छपराकडे पाहण्यास कोणास सवड नसते.

हे नुकसान लहान नव्हे. मालदांडीचा कडबा फाल्गुनाच्या सुमारास गंजीला लागतो व पुढील सुगीपर्यंत पुरवावा लागतो. गंजीत पाणी मुरले की पेंड्या काळ्या पडतात, त्यांवर बुरशी येते, जनावर तोंड लावीत नाही आणि लावलेच तर आजारी पडते. मग शेकड्याच्या भावाने कडबा विकत घेण्याची पाळी ज्वारी पिकविणाऱ्यावरच येते. ऑक्टोबर २०२० च्या मध्यास बंगालच्या उपसागरातील वादळी पावसाने जिल्हा झोडपून काढला. हंगाम संपला असे मानण्याच्या दिवसांत हा पाऊस आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पावसात छप्पर उभारावयाचे तर कामाचा नेहमीचा क्रम मात्र उलटा करावयास हवा. भिंत आधी व छप्पर नंतर, ही गवंड्याची रीत येथे घातक ठरते. ओल्या मातीची भिंत दमट हवेत वाळत नाही आणि पायथ्याशी पाणी साचल्यास खचते. नव्याने बांधलेली पक्की भिंतही अशा वेळी दगा देते. २०२० च्या त्याच पावसात पंढरपुरात चंद्रभागेकाठच्या घाटाची भिंत कोसळून सहा जण मृत्यू पावले. म्हणून प्रथम चर, मग मेढी, मग आढे-वासे व पाचट, आणि भिंत सर्वांत शेवटी.

जागा उंचवट्याची, शक्यतो मुरमाड निवडावी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने काठावरची गावे वेढली, तेव्हा नदीलगतच्या सोयीच्या जागा किती गैरसोयीच्या असतात ते दिसून आले. वरच्या अंगाने चर काढून पाणी वळविल्यावाचून एकही खड्डा खणू नये. दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब छपरास बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या नऊ मेढी पुरतात. मधल्या रांगेतील तीन जमिनीपासून दहा फूट आणि दोन्ही बाजूंच्या सहा पाच फूट ठेवल्यास दोन्ही पाख्यांना पाचटास लागणारा तीव्र उतार मिळतो. छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याला अरुंद बाजू लागते.

खरी कसोटी खड्ड्यांची. काळी माती ओलीने फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसती रोवलेली मेढ पहिल्याच चैत्रात हलू लागते. मुरूम लागेपर्यंत खणावे. तो फार खोल असल्यास खड्डा रुंद घेऊन मेढीभोवती दगड व मुरूम थराथराने ठोकून भरावा, काढलेली काळी माती पुन्हा आत लोटू नये. उघडिपीत जितक्या मेढी त्याच दिवशी बसतील तितकेच खड्डे घ्यावेत. रात्रभर पाण्याने भरून राहिलेला खड्डा तळाशी चिखल होतो. मेढीच्या बुडास डांबर फासल्यास वाळवीचे भय कमी होते. मुरूम वाहून आणण्याचा कंटाळा हेच बहुतेक कललेल्या छपरांचे मूळ असते.

पत्रे घालावयाचे असल्यास ते हूकांनी वाशांशी आवळावेत. पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत जिल्ह्यात फार रूढ आहे. परंतु वारा पत्रा उचलतो तेव्हा तो दगडासह उचलतो, आणि तो दगड खालच्या जनावरावर किंवा माणसावर येतो. आभाळात गडगडाट सुरू होताच छपरावरून खाली उतरावे, मग एकच पत्रा बसावयाचा राहिला असला तरी.

छपराखाली मुरमाची भर टाकून धुम्मस केल्यावर दगडांवर लाकडे आडवी टाकून त्यांवर कडबा रचता येतो. कुडाचे लिंपण दिवाळीनंतर सावकाश करावे. तोवर पश्चिमेच्या अंगाला तुराट्यांचा तट्टा बांधला तरी झडीचे पाणी आत येत नाही.