बंदुकीचे वय नको, नळी मोजा

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा सीएसटी स्थानकावरच्या काही पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्री रायफली होत्या आणि काहींच्या हाती नुसत्या लाठ्या. समोर एके-४७ होत्या. तेव्हापासून ‘इंग्रजांच्या जमान्यातली बंदूक’ एवढे म्हटले की सरकारी अनास्थेबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी या रायफलीला समारंभाने निरोप दिला, त्याचेही कौतुकच झाले. दर मिनिटाला शेकडो गोळ्या झाडण्याची क्षमता असलेल्या शस्त्रापुढे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल तोकडी पडणार, यात वाद नाही. पण या चर्चेतून एक सोयीचा निकष आपल्या अंगवळणी पडला: शस्त्र किती वर्षांचे आहे ते बघायचे आणि जुने असेल तर निकामी ठरवायचे. रायफलीचे आयुष्य वर्षांत मोजता येत नाही. ते नळीत असते, आणि नळी किती टिकेल हे तिच्यातून कोणती गोळी गेली, ती कुठल्या हवेत ठेवली आणि नंतर कोणी कशी पुसली यावर ठरते. शस्त्रखरेदीच्या फायलींत मात्र या तीन गोष्टींना फारसे स्थान नसते.

अमेरिकेत लष्कराने काढून टाकलेल्या रायफली हौशी लोक दुकानातून विकत घेतात आणि नळीला आतून क्रोम आहे की ती साध्या पोलादाची आहे, यावर हिरिरीने भांडतात. आपल्याकडे तसे होणे नाही. थ्री नॉट थ्री हा बोअरच सामान्य नागरिकाला निषिद्ध. आपल्याकडे लष्कराची उतरलेली शस्त्रे पोलीस खात्यात येतात. १९६२ च्या युद्धानंतर सैन्याने ७.६२ मिलिमीटरची एसएलआर घेतली आणि इशापूरच्या कारखान्यात घडलेल्या जुन्या रायफली पोलीस, होमगार्ड आणि एनसीसीकडे गेल्या. म्हणजे साधी नळी की क्रोमची, हा वाद आपल्याकडे हौशी माणसाचा नाही. तो शहापूर-मुरबाडच्या एखाद्या ठाण्यातल्या कोतात, म्हणजे शस्त्रकोठारात, कुलपाआड रांगेत उभ्या असलेल्या शस्त्रांचा आहे, आणि त्यांचा खर्च आपल्या करातून होतो.

शेणवा, किन्हवली, डोळखांब हा शहापूरचा पट्टा सह्याद्रीच्या पायथ्याचा. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. या हवेत साध्या पोलादाचे काय होते ते समजून घ्यायला थोडे रसायनशास्त्र लागते. थ्री नॉट थ्रीच्या जुन्या काडतुसांत, त्यात १८६९ साली उभ्या राहिलेल्या खडकीच्या कारखान्यातलीही आली, बुडाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटली की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे आपल्या खाण्याच्या मिठाचाच भाऊबंद, आणि ते नळीच्या आत बारीक थराने बसते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की हे क्षार हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळतात, पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते तसे. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा कित्येक दिवस त्या रेषेच्या वरच असते. नागपूरच्या एप्रिलमध्ये हीच रायफल दोन दिवस तशीच राहिली तर फारसे बिघडणार नाही. शेणव्याच्या पावसात एका रात्रीत आत गंजाचे ठिपके उमटू शकतात. आणखी एक गंमत अशी की हे क्षार तेलात विरघळत नाहीत. चिंदीला तेल लावून फुलथ्रू, म्हणजे नळी पुसायची दोरी, कितीही वेळा ओढली तरी मीठ तेलाखाली सुखरूप राहते. त्याला उपाय पाण्याचाच: नळीतून उकळते पाणी ओतायचे, ती तापलेली असतानाच कोरडी करायची आणि मग तेल द्यायचे. ब्रिटिश सैन्यात हा रिवाज होता. काळी दारू भरणाऱ्या ठासणीच्या बंदुकीलाही गरम पाणीच लागते, कारण तिची काजळीही ओल धरते. भर पावसात बंदुकीत पाणी ओता, असे सांगणारा वेडाच वाटेल, पण इथे त्याचेच म्हणणे खरे आहे.

दारू आणि पोलाद यांचा हा झगडा नवा नाही. ब्रिटिशांनी १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिच्या नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे आतले चर, उथळ आणि गोलसर होते, कारण काळ्या दारूची काजळी त्यांत कमी साचे. पुढे कॉर्डाइट आले. त्यात सुरुवातीला ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होते आणि त्याच्या वायूची धग इतकी की ते उथळ आटे झपाट्याने झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये खोल, चौकोनी आट्यांची ली-एनफिल्ड आली. बंदूक जेमतेम सात वर्षांची, पण नळी बदलावी लागली. वय हा निकष किती फसवा, याला यापेक्षा जुना दाखला शोधायला नको.

क्रोमचा मुलामा हे याच दुखण्यावरचे दुसरे औषध. जपानने १९३९ च्या अरिसाका रायफलीत तो मोठ्या प्रमाणावर वापरला. सोव्हिएत काडतुसे क्षार सोडणारी होती, म्हणून एके-४७ च्या नळीतही तो आला. युगोस्लाव्हियाने मात्र आपल्या एसकेएस रायफली साध्या पोलादी नळीच्याच ठेवल्या, आणि आज त्या विकत घेणारा आधी नळीत डोकावून गंज बघतो. मुलाम्याची जाडी केसाहूनही कमी. पण क्रोम पोलादापेक्षा बरेच कठीण आहे, सुमारे १,९०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही आणि पाण्या-मिठाला सहसा दाद देत नाही. व्हिएतनामच्या दमट जंगलात अमेरिकी सैन्याला एम-१६ ही ‘स्वच्छ करावी न लागणारी’ रायफल म्हणून देण्यात आली. काडतुसाच्या घरात क्रोम नव्हते, दारू बदललेली होती, सफाईचे सामान पुरेसे नव्हते. रिकामी काडतुसे घरात अडकू लागली, सैनिक मेले, अमेरिकी संसदेने चौकशी केली. १९६७ मध्ये घराला क्रोम चढले, नंतर सगळ्या नळीला. आपल्या इन्सासच्या नळीतही क्रोम आहे. ओल्या प्रदेशात रोज हाताळल्या जाणाऱ्या आणि सफाईची खात्री नसलेल्या शस्त्राला क्रोमची नळी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणपट्टी आणि घाटाखालच्या ठाण्यांना नवी शस्त्रे वाटताना हा विचार आधी व्हावा.

यावर म्हटले जाईल की आता काडतुसेच बदलली आहेत, नव्या टोप्यांत क्लोरेट नसते, मग क्रोमची गरज काय? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. क्षार गेले तरी ओल जात नाही, आणि कोतात जुन्या साठ्यातली काडतुसे नाहीतच असे गृहीत धरता येत नाही. उलट बाजूने कोणी म्हणेल की सगळ्यांनाच क्रोम द्या आणि सफाईची कटकट मिटवा. हे तर अधिक धोक्याचे. मुलामा फक्त नळीच्या आत असतो. बोल्ट, स्प्रिंगा, वायूचा मार्ग गंजायला मोकळेच. सततच्या धगीने मुलाम्याला सूक्ष्म भेगा पडतात, त्यांतून वायू खाली शिरतो आणि थर पोपडा सुटावा तसा निघू लागतो. तशी नळी दुरुस्त होत नाही, फेकावीच लागते. शिवाय मुलामा सगळीकडे तंतोतंत सारखा बसवणे कठीण, म्हणून नेमबाजीच्या स्पर्धेतले लोक बहुधा साधी नळीच पसंत करतात. क्रोमची किंमत बंदुकीबाहेरही मोजावी लागते. मुलाम्याच्या हौदातले षट्संयुजी क्रोमियम विषारी आहे, आणि ज्या ओडिशातून देशाचे बहुतेक क्रोमाइट येते तिथल्या सुकिंद्याच्या पाण्याने ते भोगले आहे. चार गोळ्या वर्षाला झाडणाऱ्या रायफलीसाठी तो खर्च करावा का, हा प्रश्न रास्तच आहे.

सफाईवर एवढा भर दिला की ती अडाणीपणाने केल्याचे नुकसानही सांगायला हवे. वाकडातिकडा लोखंडी गज नळीच्या तोंडावर घासला किंवा वाळू लागलेली फुलथ्रूची दोरी एकाच बाजूने ओढत राहिले, तर गोळ्यांनी झिजत नाही इतकी नळी सफाईने झिजते. गोळी बाहेर पडते त्या कडेला अशी खाच पडली की नेम ढळतो, मग आत क्रोम असो की पोलाद. कवायतीच्या आधी चकाकी दिसावी म्हणून केलेली घासाघीस ही देखभाल नव्हे.

२६/११ नंतरच्या राम प्रधान समितीनेही दारूगोळ्याचा तुटवडा आणि त्यामुळे राहून गेलेला सराव यांवर बोट ठेवले होते. नव्या रायफली आल्या आणि सराव नसला तर नळी कशाचीही असून उपयोग नाही. पण सरावाला काडतुसे लागतात आणि त्यासाठी तरतूद मागावी लागते. नळी मोजायला मात्र ठरावीक जाडीचा गेज आणि शिकलेला आर्मरर पुरतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रत्येक रायफलीच्या नळीची मोजणी करून नोंदवहीत आकडा लिहिला, तर कोणती काढायची आणि कोणती ठेवायची हे तिच्यावर कोरलेल्या सालापेक्षा तो आकडा नेमके सांगेल. नव्वद वर्षांची रायफल कदाचित वाचेल आणि दहा वर्षांची बाद होईल. होऊ द्यावी.

हाच नियम गावकऱ्यांच्या परवान्याच्या बंदुकांनाही लागू करता येईल. रानडुकरांपासून भात वाचवण्यासाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्याला निवडणुकीत अनेकदा आपली बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शहापूर आणि मुरबाड येणाऱ्या भिवंडी मतदारसंघात २० मे रोजी मतदान झाले. मार्चच्या मध्यात लागलेली आचारसंहिता ६ जूनला उठली, म्हणजे मृगाच्या तोंडावर. जमा करताना दिल्या जाणाऱ्या पावतीवर नळीच्या अवस्थेचा एक रकाना असावा, आणि बंदूक परत देताना शेतकऱ्यासमोर दुसरी नोंद व्हावी, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह. त्याला ना निधी लागतो ना नवा कायदा. जिल्हा पोलिसांचे एक परिपत्रक पुरे.